गुरांचा लम्पी त्वचारोग

गुराच्या अंगावर गांठ दिसली कीं ‘कांहींतरी चावलें असेल’ असें म्हणून आपण स्वस्थ बसतों. सन २०२२ च्या भाद्रपदांत आम्हींही आमच्या खोंडाविषयीं तसेंच म्हटलें व तीन दिवस दवडले. पुढें पंधरवड्यांत शेजारच्या दावणीची कालवडही आजारली. ती वांचली, खोंड गेला.

हा रोग देवीच्या जातीच्या विषाणूपासून गाई-बैलांस व क्वचित् म्हशींस होतो. तो प्रथम १९२९ सालीं हल्लींच्या झांबियांत आढळला व २०१९ सालीं ओरिसांतून आपल्या देशांत शिरला. माणसांस तो होत नाहीं. दूध मात्र उकळूनच घ्यावें.

ओळख अशी. प्रथम ताप चढतो, डोळ्यांनाकांतून पाणी गळतें, दूध आटतें. खांद्यापुढील लसिकाग्रंथी सुजतात. मग मान, कास, पाय यांवर दोन ते पांच सेंटिमीटर रुंदीच्या गोल, घट्ट गांठी येतात. किडा चावून उठलेल्या गांधी मऊ असतात व एकदोन दिवसांत जिरतात. ह्या गांठी जिरत नाहींत, पुढें मधोमध कुजून तेथें खोल व्रण पडतो. गांठ दिसतांच ताप मोजावा. १०४ अंश भरल्यास वाट पाहूं नये. आम्हीं ती पाहिली.

विषाणूस मारणारें औषध नाहीं. पशुवैद्य ताप व सूज उतरवितात आणि जखमा चिघळूं नयेत म्हणून प्रतिजैविकें देतात. आपण जनावर वेगळें बांधावें, व्रण धुवून निंबाचें तेल लावावें, मऊ हिरवा चारा व मुबलक पाणी द्यावें.

प्रसार मुख्यत्वें डास, गोचीड व गोठ्यांतील चावरी माशी यांजकडून होतो. ही माशी घरमाशीसारखीच दिसते, पण तिला सोंड असते व ती पायांस डसते; गुरें सारखे पाय आपटूं लागलीं कीं ती आली असें समजावें. शेणमुतांत कुजलेल्या पेंढ्यांत ती अंडीं घालते, म्हणून उकिरडा गोठ्याला लागून नसावा. लस पावसाळ्यापूर्वीं टोंचावी, कारण अंगीं शक्ति येण्यास सुमारें तीन आठवडे लागतात. सुई प्रत्येक जनावरास निराळी मागावी.

बाजार बंद होईल या भीतीनें कित्येकजण रोग लपवितात. सन २०२२ मध्यें या राज्यांत मेलेल्या गाईस ३०,०००, बैलास २५,००० व वासरास १६,००० रुपये साहाय्य ठरलें होतें. परंतु महसुलाच्या दप्तरांत आयुष्य घालवूनही आम्हीं पंचनाम्याआधींच खोंड पुरला, व मग अर्ज करण्यास तोंड उरलें नाहीं.