फुटून निघण्याची मागणी : १९६२ चा एक वाद

एखाद्या राज्याने देशातून फुटून निघण्याची भाषा केली, तर ती बोलूच देऊ नये, असे माझे ठाम मत होते. महाविद्यालयाच्या वादसभेसाठी या विषयाचा अभ्यास करताना द्राविडनाडूच्या मागणीचा इतिहास वाचनात आला आणि ते मत मला तपासून पाहावे लागले.

प्रथम घटनेची भूमिका पाहू. घटनेच्या पहिल्याच कलमात भारताला ‘राज्यांचा संघ’ म्हटले आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या शब्दयोजनेचा खुलासा केला. आपले संघराज्य घटक राज्यांच्या आपसांतील करारातून निर्माण झालेले नाही. म्हणून त्यातून बाहेर पडण्याचा हक्कही कोणत्याही राज्याला नाही. कायद्यापुरता प्रश्न येथे मिटतो. राजकारणात मात्र तो मिटला नाही.

१९४९ साली स्थापन झालेल्या द्रविड मुन्नेत्र कळघम या पक्षाने द्राविड भाषा बोलणाऱ्यांसाठी स्वतंत्र राष्ट्र मागितले. हिंदी लादली जाण्याची भीती, उत्तरेच्या वर्चस्वाविषयीचा रोष आणि दक्षिणेच्या औद्योगिक विकासाची उपेक्षा होत असल्याची भावना, ही या मागणीमागची प्रमुख कारणे होत. १९६२ च्या निवडणुकीत पक्षाने मद्रास विधानसभेत ५० जागा जिंकल्या. १ मे १९६२ रोजी अण्णादुराईंनी राज्यसभेतील पहिल्याच भाषणात स्वयंनिर्णयाचा हक्क मागितला.

या मागणीत एक मोठा कच्चा दुवा होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने तेलुगू, कन्नड व मल्याळी भाषकांना आपापली राज्ये मिळाली होती. त्यांना द्राविडनाडूची ओढ वाटली नाही. मागणी तमिळ प्रदेशापुरतीच उरली. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनचे आक्रमण झाले, तेव्हा अण्णादुराईंनी ती बाजूला ठेवून सरकारला पाठिंबा दिला. पुढे १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने देशाच्या सार्वभौमत्वासाठी व अखंडतेसाठी भाषणस्वातंत्र्यावर निर्बंध घालण्याची तरतूद केली आणि निवडणुकीच्या उमेदवारांना तशी शपथ घेणे बंधनकारक केले. पक्षाने त्याच वर्षी मागणी सोडली.

मग कायद्यानेच काम केले, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. शपथेवाचून निवडणूक लढवता येत नव्हती. पण मागणी सोडताना तिची कारणे मात्र कायम आहेत, असे अण्णादुराईंनी बजावले होते. ते खरे ठरले. १९६५ च्या हिंदीविरोधी आंदोलनात मद्रास राज्यात अनेकांचे प्राण गेले. हा असंतोष बंदीने शमला नाही. १९६७ साली मतपेटीतून हाच पक्ष सत्तेवर आला. त्याच वर्षीच्या राजभाषा दुरुस्ती विधेयकाने अहिंदी राज्यांच्या संमतीवाचून इंग्रजीचा वापर थांबणार नाही, अशी हमी दिली. आणि १४ जानेवारी १९६९ रोजी मद्रास राज्याचे नाव तमिळनाडू झाले.

देश दुभंगावा असे मला आजही वाटत नाही. परंतु फुटून निघण्याची मागणी आणि तिच्या पोटातले गाऱ्हाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या अभ्यासाने शिकवले. मागणी नाकारण्याचा अधिकार देशाला आहे. गाऱ्हाणे ऐकून घेण्याचे कर्तव्यही त्याचेच आहे. राज्यसभेत त्या दिवशी अण्णादुराईंना बोलू दिले नसते, तर ते गाऱ्हाणे कोणत्या वाटेने बाहेर पडले असते, याचा विचार माझ्या मित्रांनी अवश्य करावा.