तापतो तेव्हा तो काय करत असतो?

नागपूर,
वैशाख

चि. बापू,

काल फोन केलास तेव्हा तू वावरात उभा होतास आणि चिडलेला होतास, म्हणून जास्त बोललो नाही. तुझ्या बोलण्यातून मला समजलं ते असं: पलटी नांगर लावला की अर्ध्या तासात ट्रॅक्टर उकळतो, मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून फेकला, तरी फरक पडला नाही, आता तो हेड खोलू म्हणतो. आणि शेवटी हळूच म्हणालास की बाबांचा हा बी-२७५ आता विकून टाकावा, काटोलच्या उन्हात जुनं इंजिन टिकत नाही.

हेड खोलू नकोस. अजून नाही. आणि विकण्याचा विचार करायचा तर गार इंजिनावर कर, तापलेल्यावर नको.

आधी उन्हाचं बोलू. बी-२७५ हे मूळचं इंटरनॅशनल हार्वेस्टरचं मॉडेल, इंग्लंडात ब्रॅडफर्डला बनायचं. महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी १९६३ मध्ये कंपनी काढली आणि ते आपल्याकडे आलं. तिकडच्या थंड हवेतलं हे यंत्र आपल्या काळ्या मातीत कित्येक उन्हाळे राबलं. मे २०१३ मध्ये नागपुरात पारा ४७.९ वर गेला, त्या दिवसांतही जुने ट्रॅक्टर उन्हाळवाही करतच होते. मध्य प्रदेशात बुधनीला सरकारी संस्थेत ट्रॅक्टरची परीक्षा होते, तिथे नेहमीच्या हवेसोबत मुद्दाम तापवलेल्या हवेतही इंजिन चालवून पाहतात. म्हणजे ऊन हे हिशेबात धरलेलंच आहे. निरोगी इंजिनाला ऊन जड जातं, पण उकळवत नाही. उकळलं, तर इंजिन आणि हवा यांच्या मधे कुठेतरी वाट अडली आहे, आणि ती जागा शोधणं हेच खरं काम.

डिझेल जळून जी उष्णता निघते तिचा साधारण तिसरा हिस्सा कामाला लागतो, जवळजवळ तेवढाच धुराड्यातून जातो, आणि उरलेल्यापैकी बराचसा पाण्याने रेडिएटरपर्यंत वाहून न्यायचा असतो. ट्रॉली घेऊन बाजारात गेलास तर डिझेल कमी जळतं, अर्धा बुजलेला रेडिएटरही निभावून नेतो. नांगर जमिनीत शिरला की लपलेलं दुखणं वर येतं. म्हणून पहिला प्रश्न कोणता भाग बदलायचा हा नसतो. तापतो तेव्हा तो काय करत असतो, हा असतो. तुझा ट्रॅक्टर उभ्याने तापत नाही, ट्रॉलीला तापत नाही, फक्त नांगराला तापतो. आणि फाल्गुनात तू तो गव्हाच्या मळणीला भाड्याने दिला होतास. मला तर इथेच अर्धं उत्तर दिसतं.

थ्रेशरजवळ तासन् तास उभा राहिलेला ट्रॅक्टर पुढून हवा ओढतो आणि हवेबरोबर भुसा ओढतो. रेडिएटरच्या जाळीत तो बारीक भुसा जातो, त्याला धूळ आणि कुठूनतरी आलेलं तेल मिळतं, आणि आत नमदा तयार होतो. पुढून बघशील तर जाळी स्वच्छ दिसेल, कारण भुसा मधल्या थरात असतो. रात्री मागच्या बाजूला, पंख्याकडे, बॅटरी लावून धर आणि पुढून बघ. उजेड जिथून येत नाही तिथून हवाही जात नाही. साफ करताना पंख्याच्या बाजूने पुढे, म्हणजे हवेच्या उलट दिशेने, कॉम्प्रेसरची हवा मार. आधी कोरडं, मग पाणी. एकदम पाणी मारलंस तर भुशाचा चिखल होऊन घट्ट बसतो. गाड्या धुण्याच्या प्रेशरने तर मुळीच नको, पातळ पत्रे वाकतात आणि मग वाट कायमची बंद होते. कोणीतरी पुढे पोत्याचं कापड बांधून दिलं असेल तर तेही काढ. पुढच्या हंगामात थ्रेशर लावताना वारा कुठून येतो ते पाहून ट्रॅक्टर उभा कर. एवढं एक पाळलं तरी बरंच निभतं.

दुसरी गोष्ट पाणी. तू बोअरचं पाणी घालतोस, हे मला ठाऊक आहे, सगळेच घालतात. आपल्या भागातलं पाणी जड. चहाच्या भांड्याला जो पांढरा थर बसतो तोच आत नळ्यांना बसतो, आणि दर उकळीला वाफ उडून क्षार मागे राहतात. तो थर लोखंडाच्या मानाने उष्णता फारच कमी जाऊ देतो. झाकण काढून वरच्या टाकीत बघ. नळ्यांची तोंडं पांढरी-तांबडी, अरुंद झालेली दिसली तर रेडिएटर उतरवून रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळई घालून सफाई, करून घे. थर हलका असेल आणि रेडिएटर जुना, पितळेचा असेल तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने इंजिन थोडं चालवून, गार करून, पाणी सोडून, दोनतीनदा धुतलं तरी पुष्कळ निघतं. ॲसिड कोणी सुचवलं तरी घालू नकोस, ते झाळ खातं. नंतर डिस्टिल्ड वॉटर किंवा छपराचं गाळलेलं पावसाचं पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं. कूलंट फक्त थंडीसाठी असतं असं लोक म्हणतात. पण ते गंजापासूनही वाचवतं आणि पाणी जरा उशिरा उकळवतं, आपल्याला दोन्ही हवं.

झाकणही साधं समजू नकोस. त्यातली स्प्रिंग आत दाब धरते. ७ पौंडाचं झाकण नीट असेल तर उकळीची पातळी दहा-अकरा अंशांनी वर जाते. रबर फाटलेलं असेल तर तेवढं संरक्षण गेलंच.

पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून अर्धा इंच हलला तर ठीक. त्याहून ढिला असेल तर ताण, चकचकीत झाला असेल तर बदल. खालचा होज पाइप मऊ पडला असेल तर रेस वाढवल्यावर आत ओढला जाऊन चपटा होतो, तोही पाहा. वॉटर पंपाखालच्या छिद्रातून पाणी ठिबकत असेल तर पंपाचं सील गेलं.

थर्मोस्टॅट नवा आणून बसव, एवढं माझं ऐक. तो काढला की इंजिन सकाळी तापायला वेळ घेतं, थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही आणि रिंगा झिजतात. काही इंजिनांत तर तो काढल्यावर बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरतं. बसवण्याआधी पातेल्यात पाण्यात उकळून बघ. ऐंशीच्या वरखाली तो उघडायला लागला पाहिजे.

आणि टेंपरेचरचा काटा बंद आहे, तो सगळ्यात आधी चालू करून घे. वाफ दिसेपर्यंत तुला कळतच नाही, म्हणजे उशीर झालेला असतो.

हेडची शंका फेडायची तर त्यासाठी हेड खोलायला लागत नाही. गार इंजिनात पाणी काठोकाठ भर, पट्टा काढ, झाकण उघडं ठेवून मिनिटभर चालव. सतत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट फुटलं असावं. डिपस्टिकवर ऑइल दुधासारखं दिसलं तरी तीच शंका. हे दोन्ही नसेल तर मिस्त्रीला प्रेमाने थांबव. तो वाईट माणूस नाही, पण हंगामात त्याच्यापुढे रांग असते आणि तुझं इंजिन ऐकायला त्याला वेळ नसतो. तो वेळ तूच काढायला हवा. आपल्या सालदारालाही विचार. कोणत्या वावरात, कोणत्या गिअरला, किती वेळाने तापतो हे त्याला माहीत असेल, आणि त्याला अजून कोणी विचारलं नसेल.

आता एक गोष्ट धमकावून सांगतो. उकळत्या ट्रॅक्टरचं झाकण उघडू नकोस, आणि तापल्या इंजिनात थंड पाणी ओतू नकोस. पहिल्याने तोंड भाजतं, दुसऱ्याने हेड तडकतं. नांगर वर घे, ओझं काढ, इंजिन हळू फिरू दे, म्हणजे पंप आणि पंखा उष्णता बाहेर टाकत राहतील. पाणी वाहून गेलं असेल किंवा पट्टाच तुटला असेल तर मात्र लगेच बंद कर. वरच्या टाकीवर हात ठेवता आला की मगच झाकणाला हात लाव, तेही ओल्या पोत्याने, आधी थोडंसं फिरवून वाफ जाऊ दे.

बाबांनी त्या ट्रॅक्टरवर तुमची संत्र्याची बाग उभी केली, म्हणून तो ठेवच असं मी म्हणत नाही. जुन्या यंत्राची माया करून घर चालत नाही, हे मला कळतं. पण दुखणं न शोधता विकलास तर पडेल त्या भावाला जाईल, आणि नव्याचा हप्ता सुरू होईल. नव्याच्या रेडिएटरमध्येही तोच भुसा आणि तेच बोअरचं पाणी जाणार आहे.

जाळी साफ करून, पट्टा पाहून, त्याच नांगराने, त्याच वावरात एकदा चालव आणि काटा कुठे थांबतो ते मला कळव. तरीही चढला तर रेडिएटर उतरवून रविवारी घेऊन ये. इथे वाडीला ट्रकचे रेडिएटर करणाऱ्यांकडे आपण दोघं जाऊ, वरची टाकी आपल्यासमोर उघडायला लावू. येताना जुनं झाकण आण, नवं त्याच मापाचं आणि त्याच दाबाचं घ्यायचं आहे.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा