रंगाआधी अर्थिंग

सावंतवाडी

चि. ओंकार यास,


आजोबांच्या पद्मिनीचा नेरूळहून पाठवलेला फोटो पाहिला. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनीच्या टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून हद्दपार झाल्या. आता कुर्ल्यात घडलेली ही गाडी तुझ्यासारख्यांच्या हौसेवरच टिकायची. पण पत्रात रंगाबद्दल अर्धं पान आहे आणि अर्थिंगचा उल्लेखही नाही. म्हणून घाईने लिहितोय.

बॅटरीतून निघणाऱ्या करंटची तार आपल्याला दिसते, परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्राच. रंगारी त्यावर प्रायमर आणि रंग चढवतो आणि अर्थची जागा बुजते. माझ्या पहिल्या फियाटचा अर्थही रंगकामातच तुटला. गाडी आरशासारखी चकाकत होती, पण सेल्फ फिरेना. नवी बॅटरी घेतली, सेल्फ उघडला, सहा दिवस गेले. शेवटी चोकची केबल तापून धूर निघाला, तेव्हा कळलं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, रबरातून करंट जात नाही. इंजिन आणि बॉडी जोडणारी तांब्याच्या विणलेल्या तारांची पट्टी गॅरेजवाल्याने परत लावलीच नव्हती. सेल्फचा शंभराहून अधिक अँपिअर करंट त्या बारीक केबलमधून वाट काढत होता.

तेव्हा काहीही सोडवण्याआधी प्रत्येक अर्थचा फोटो काढ. ती पट्टी जुनी लावू नकोस, नवीच घे. रंग झाल्यावर त्या जागा पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घास, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळ आणि मग वरून पेट्रोलियम जेली लाव. तुमच्याकडे खाडीचा खारा वारा, त्यात चार महिने पाऊस. उघड्या तांब्यावर कळंक चढायला वेळ लागत नाही.

ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंदावला तर बल्ब बदलत बसू नकोस, आधी मागच्या दिव्याच्या होल्डरचा अर्थ बघ. बॅटरी सोडवताना मायनस आधी काढायची आणि शेवटी लावायची. नाहीतर प्लसवरचा पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडते. डेंटर वेल्डिंग करणार असेल त्या दिवशी बॅटरी काढूनच ठेव.

पट्टी बसवलीस की गाडी न्यूट्रलमध्ये ठेव आणि कॉइलची तार काढ, म्हणजे इंजिन पेटणार नाही. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसच्या खुंटावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धर. आईला सेल्फ मारायला सांग. ०.२ व्होल्टच्या आत आकडा आला तर उत्तम. अर्ध्या व्होल्टच्या आसपास गेला तर सगळे जोड पुन्हा उघडून घास.

रंगाऱ्याकडून गाडी परत आली की हा आकडा घे आणि मला फोनवर कळव. तोवर नवी बॅटरी विकत घेऊ नकोस.

तुझा,
मामा