नवरंगाचं यजमानपण

नागपूर

चि. भाच्यास,

आपल्या संत्र्यांच्या बागेत ओढ्याकडच्या बांबूखाली नवरंग उतरल्याचं ताईनं फोनवर सांगितलं. फोटो पाहून पक्षी पाहणारी मंडळी ‘येऊ का?’ विचारताहेत, हेही कळलं. येऊ दे. पण त्या बागेत पहिला पाहुणा नवरंग आहे, माणसांचा मान त्याच्यानंतर. एवढं पक्कं धर.

हा पक्षी हिवाळा दक्षिणेत, थेट श्रीलंकेपर्यंत काढतो आणि मे-जूनमध्ये आपल्याकडे वीण करायला येतो. बांबूखालचा पालापाचोळा झाडू नकोस. त्याचं सगळं जेवण त्यातच आहे. चोचीनं एक पान उलटवतो, किडा उचलतो, दोन उड्या मारून थांबतो, आखूड शेपटी हळूच वरखाली हलवतो. हे पाहायला मिळालं की पाहणाऱ्याचं येणं सार्थकी लागतं. त्या बाजूच्या संत्र्यांवर या दिवसांत फवारणीही नको.

कुणी मोबाइलवर त्याची शीळ वाजवू लागला, तर तिथेच थांबव. हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून तो चारा सोडून, वेळप्रसंगी अंडी सोडून धावत येतो. फोटो छान मिळतो, पण घरटं उघडं पडतं. त्याचं घरटं म्हणजे काटक्या-गवताचा गोळा, जमिनीवर किंवा खालच्या फांदीत. ते दिसलं, तर जागा कुणालाही सांगू नकोस, आडवी येणारी फांदीही छाटू देऊ नकोस. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं शिकारीतच धरलं आहे, हे आलेल्यांना स्पष्ट सांग.

आता माणसांच्या व्यवस्थेचं. अमेरिकेत हमिंगबर्ड पक्ष्यांसाठी परसात साखरपाण्याची भांडी टांगतात. त्यावर एखादा वाट चुकलेला, दुर्मीळ हमिंगबर्ड आला की दुरून लोक लोटतात. तिथले समजूतदार यजमान येण्याची वेळ ठरवून देतात, गाड्या कुठे लावायच्या, उभं कुठे राहायचं ते सांगतात, शेजाऱ्यांना आधी कल्पना देतात. पाहुणेही ते पाळतात. तूही तसंच कर. सकाळचे दोन तास, एका वेळी चार-पाच माणसं, गोणपाटाचा आडोसा आणि त्याच्या अलीकडे आखलेली रेघ. पावसाची झड असेल त्या दिवशी कुणालाच बोलावू नकोस. अशा दिवशी त्याला दाणापाणी मिळवणंच जड जातं.

गर्दी आपल्या गावाला नवी नाही. मंगळवारी-शनिवारी आपल्या मंदिरातल्या पहुडलेल्या हनुमंताच्या दर्शनाला किती माणूस येतं! तिथे मोठ्या माणसालाही रांगेत उभं राहावंच लागतं. बागेतही तीच शिस्त ठेव. कलेक्टर येवो की मोठ्या कॅमेऱ्याचा साहेब, रेघ सर्वांना सारखीच.

पैशाचंही बोलतो. चहा, झुणका-भाकरीचे पैसे जरूर घे, त्यात लाज कसली? पण ‘पक्षी दाखवीन’ म्हणून पैसे घेऊ नकोस. एकदा तो शब्द दिलास की पक्षी न दिसलेल्या दिवशी त्याला हुसकून बाहेर काढण्याचा मोह तुलाच होईल. न दिसता परतणाऱ्याला आदरानं निरोप दे. गावातल्या शाळेच्या पोरांना मात्र आवर्जून बोलाव, दुर्बीण आधी त्यांच्या हाती दे. पुढे ही बाग राखायला तीच उभी राहतील.

सप्टेंबरमध्ये येईन तेव्हा किती लोक आले, हे मी विचारणार नाही. पिल्लं उडाली का, एवढंच विचारीन.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझा,
मामा