सांडपाणी, सूर्यप्रकाश आणि आपला कापूस

इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरमध्ये पारोळ्याच्या व्यापाराची नोंद आढळते : गुरे, कापूस, लुगडी आणि धान्य. लुगडे आले की रंग आला, आणि रंगाबरोबर त्याचे सांडपाणीही आले. कापड रंगवताना सगळाच रंग धाग्यात मुरत नाही. उरलेला पाण्यासोबत वाहून जातो. आजचे अनेक कृत्रिम रंग सहजी कुजतही नाहीत.

यावरील एक उपाय सूर्यप्रकाशात आहे. टायटॅनियम डायऑक्साइड ही भिंतींच्या रंगात वापरली जाणारी पांढरी भुकटी. तिच्या साहाय्याने प्रकाशात पाण्याचे विघटन होते, हे १९७२ साली फुजिशिमा व होंडा या जपानी संशोधकांनी दाखवून दिले. पुढे हेच तत्त्व जलशुद्धीकरणाकडे वळले. अतिनील किरण पडताच या पदार्थातील इलेक्ट्रॉन उसळून वर जातो. त्यातून पाण्यात अतिशय क्रियाशील मूलके तयार होतात आणि ती रंगाचे रेणू तोडतात. भुकटी मात्र खर्ची पडत नाही. म्हणून तिला प्रकाश-उत्प्रेरक म्हणतात.

अडचण पुढेच आहे. एवढी बारीक भुकटी पाण्यातून परत काढणे कठीण, आणि ती पाण्यात राहिली तर तेही प्रदूषणच. म्हणून तिला आधार द्यावा लागतो. कापसातील सेल्युलोज, कोळंबीच्या कवचापासून मिळणारे कायटोसन आणि समुद्रशैवालातील अल्जिनेट हे निसर्गनिर्मित बहुवारिक पदार्थ येथे उपयोगी पडतात. त्यांच्या मण्यांत वा पडद्यात भुकटी बसवली की काम झाल्यावर ती गाळून पुन्हा वापरता येते. मुंबईत माटुंगा येथे १९२४ पासून कार्यरत असलेल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत कापसापासून नॅनोसेल्युलोज तयार केले जाते. आपण चुलीत घालतो त्या पऱ्हाट्यांतही सेल्युलोजच असते.

मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. सूर्यप्रकाशात अतिनील किरणांचा वाटा सुमारे ५ टक्केच असतो. तीच मूलके हळूहळू आधारालाही झिजवतात. शिवाय रंग गेला म्हणजे विष गेले असे नव्हे. अर्धवट तुटलेले रेणू डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी तपासणीच करावी लागते.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्यावरील माणसाचा हक्क प्रस्थापित केला. ते पाणी पिण्याजोगे राखणे हा त्याच धड्याचा पुढचा भाग होय. आमचे जे माजी विद्यार्थी आज प्रयोगशाळेत वा कारखान्यात आहेत, त्यांनी रोज एक प्रश्न स्वतःला विचारावा : येथून निघालेले पाणी पुढे कोण पिणार आहे?