हरवलेला पहारेकरी

बुद्धिबळाचा डाव संपला, की मोहरे मोजून पेटीत भरावयाचे असतात. एका बाजूचे सोळा आणि दुसऱ्या बाजूचे सोळा, असे बत्तीस मोहरे भरले म्हणजे मग झाकण लावावे, अशी घरोघरची शिस्त. तरीसुद्धा एखादे प्यादे हरवतेच. मग त्याच्या जागी सुपारी किंवा सदऱ्याची गुंडी ठेवून आपण खेळ पुढे चालवितो. डावाचे त्यावाचून काही अडत नाही. सुपारीही प्याद्यासारखीच एकेक घर पुढे सरकते. पेटीतली ती एक जागा मात्र रिकामी राहते. मुलांनो, फार दूरच्या एका संचातील अशाच एका रिकाम्या जागेची हकीकत आज तुम्हांला सांगावयाची आहे.

स्कॉटलंडच्या वायव्येस अटलांटिक महासागरात लुईस नावाचे बेट आहे. तेथे झाडी थोडी आणि वारा फार. या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर १८३१ साली वाळूच्या टेकडीत एक विलक्षण ठेवा सापडला. एका गाईने शिंगांनी वाळू उकरली आणि तो उघडा पडला, असे काही लोक सांगत. परंतु ती दंतकथाच असावी. ठेव्यात एकंदर ९३ वस्तू होत्या. त्यांपैकी ७८ बुद्धिबळाचे मोहरे, १४ दुसऱ्या एका खेळाच्या साध्या चकत्या आणि एक पट्ट्याचे बक्कल.

हे मोहरे बाराव्या शतकातील आहेत. त्या काळी लुईस बेटावर नॉर्वेच्या राजाची सत्ता होती आणि मोहरेही नॉर्वेतच, बहुधा ट्रॉन्डहाइम या नगरात घडविले गेले असावेत, असा विद्वानांचा तर्क आहे. त्यांतील बहुतेक वॉलरसच्या सुळ्यांचे आहेत. वॉलरस हा उत्तरेकडील बर्फाळ समुद्रात राहणारा अवाढव्य प्राणी. त्याच्या सुळ्याचा बाहेरचा थर घट्ट व गुळगुळीत असतो, पण आतला गाभा डागाळलेला आणि दाणेदार निघतो. त्यामुळे कारागिराला हत्यार लावण्यापूर्वीच पुष्कळ विचार करावा लागे. सुळा जेवढा जाड, तेवढाच राजा रुंद ! चेहरा गुळगुळीत थरात यावा आणि गाभा शक्य तो दृष्टीआड राहावा, अशी त्याची खटपट असे. एवढ्या अडचणीतूनही त्याने सिंहासनाच्या पाठीवर वेलबुट्टी कोरली, बिशपाच्या हाती दंड दिला आणि घोड्याच्या कपाळावर केसांची झुलपे रुळविली. सर्वांत उंच राजाही सुमारे दहा सेंटिमीटरच आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या हातांचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

राजे मांडीवर आडवी तलवार घेऊन बसले आहेत. राण्यांनी उजवा हात गालावर टेकविला आहे; त्यांना कसली एवढी चिंता लागली असावी, कोण जाणे. आपल्या पटावर राजाशेजारी वजीर असतो, त्याच्या जागी तेथे राणी आहे. आपल्या उंटाच्या जागी तेथे धर्मगुरू, म्हणजे बिशप, आहे. खेळ निघाला भारतातून. इराण आणि अरबस्तान यांच्या वाटेने तो युरोपात पोहोचला आणि प्रत्येक देशाने त्याला आपापला पोशाख चढविला. कोपऱ्यातल्या घरात आपण हत्ती उभा करतो, तेथे या संचात ढाल-तलवार घेतलेला पायदळी शिपाई आहे. त्याला पहारेकरी म्हणतात. काही पहारेकरी तर युद्धाच्या आवेशात आपल्याच ढालीची कड दातांनी चावत आहेत. प्याद्यांना मात्र चेहराच नाही. ती नुसत्या थडग्यावरील दगडांसारखी आहेत. हा भेद मला थोडा बोचतो. बिचारी सर्वांत पुढे उभी राहून लढतात तीच !

आता थोडे गणित करू. सापडलेल्या मोहऱ्यांत ८ राजे आणि ८ राण्या आहेत. म्हणजे निदान चार संच तरी असले पाहिजेत. चार संचांचे मोहरे होतात १२८. सापडले ७८. याचा अर्थ ५० मोहरे हरवले : एक घोडेस्वार, चार पहारेकरी आणि ४५ प्यादी. सापडलेल्या ९३ वस्तूंपैकी ८२ लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये व ११ एडिंबरो येथील राष्ट्रीय संग्रहालयात गेल्या. हरवलेल्यांचा पत्ता मात्र सव्वाशे वर्षे होऊनही लागला नव्हता.

१९६४ साली एडिंबरोमधील जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने सुळ्यातून कोरलेला एक लहानसा शिपाई पाच पौंडांना विकत घेतला. हा वॉलरसच्या सुळ्याचा जुना बुद्धिबळाचा मोहरा आहे, एवढे त्याने ओळखले आणि तशी नोंद आपल्या वहीत केली. पण तो कोणत्या संचातला, हे त्याच्या ध्यानी आले नाही. त्याच्या पश्चात तो मोहरा कुटुंबीयांकडे आला. टेबलाच्या खणात तो कित्येक वर्षे पडून होता. त्या घरातील मुलगी कधीकधी त्याला बाहेर काढी, निरखून पाही आणि पुन्हा जपून ठेवी. त्यात काही तरी जादू आहे, असे तिला वाटे. पुढे घरच्यांनी तो लंडनमधील एका प्रसिद्ध लिलावगृहातील तज्ज्ञाला दाखविला आणि हा लुईसच्या चार हरवलेल्या पहारेकऱ्यांपैकी एक आहे, असे ठरले. उंची ८.८ सेंटिमीटर, डावा डोळा गेलेला, अंग झिजलेले; पण ढाल सोडलेली नाही. २०१९ च्या जुलै महिन्यात त्याचा लिलाव झाला, तेव्हा त्याला ७,३५,००० पौंड किंमत आली.

किमतीचा आकडा ऐकून तुमचे डोळे विस्फारले असतील. मला मात्र त्या टेबलाच्या खणाचेच अधिक अप्रूप वाटते. घर बदलताना, खण आवरताना, 'हे एकटे प्यादे कशाला ठेवायचे ?' असे कोणी तरी सहज म्हणाले असते. तसे कोणी म्हटले नाही, किंवा म्हटले असले तरी कोणी ऐकले नाही.

मी स्वतः तसे म्हटले होते, म्हणून हे सांगतो. एका शाळेत मुख्याध्यापक असताना ग्रंथालयाच्या कपाटात शिसवी लाकडाचा एक जुना संच होता. त्यातील एक काळा उंट हरवला. मुले त्याच्या जागी खोडरबर ठेवून खेळत. मला ते बरे दिसेना. मी नवा संच आणविला आणि जुना संच मोडक्या बाकांबरोबर भंगारात देऊन टाकला. पुढल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत भिंतीला रंग देण्यासाठी ते कपाट हलविले, तर मागच्या धुळीत उंट पडलेला ! शिपायाने तो फडक्याने पुसून माझ्या हाती दिला. भंगारवाल्याकडे मी दोनदा जाऊन आलो; परंतु त्याच्याकडील माल केव्हाच पुढे गेला होता.

लुईसचे अजून ४९ मोहरे सापडावयाचे आहेत. ब्रिटिश म्युझियममधील सहा मोहरे आता दीर्घ मुदतीच्या उसनवारीने त्या बेटावरील संग्रहालयात ठेवले आहेत. जेथील वाळूतून ते निघाले, तेथील मुलांना ते घराजवळ पाहावयास मिळतात.

माझा उंट माझ्या मेजावर असतो. त्याच्या मानेवर पटाशीची एक बारीक खूण आहे. कपाटात बाकीच्या एकतीस मोहऱ्यांबरोबर तो होता, तेव्हा ती मी कधी पाहिली नव्हती.