जात्यावर दळलेला चहा



चहा कोणाला आवडत नाही? आपण चहा उकळतो, गाळतो आणि चोथा फेकून देतो. पण जपान देशात एक चहा असा आहे की तो जात्यावर दळतात! गुरुजींनी हे सांगितलं तेव्हा सगळा वर्ग हसला. मग त्यांनी पूर्ण माहिती दिली. ती मी लिहीत आहे.

या चहाला माचा म्हणतात. माचा म्हणजे दळलेला चहा. चहाची भुकटी करून पिण्याची रीत आधी चीन देशात होती. एइसाई नावाचे जपानी बौद्ध भिक्षू तिकडे शिकायला गेले होते. ते ११९१ साली परत आले. येताना त्यांनी चहाचं बी आणलं. १२११ साली त्यांनी चहाच्या गुणांवर पुस्तक लिहिलं. ध्यानाला बसल्यावर झोप येऊ नये म्हणून भिक्षू चहा पीत. पुढे चीनमध्ये भुकटीची रीत मागे पडली, पण जपानने ती आजपर्यंत सांभाळली.

माचा करायला मेहनत फार. पानं तोडायच्या आधी सुमारे तीन आठवडे झाडांवर सावली करतात. त्यामुळे पानं गर्द हिरवी होतात. मग पानं वाफवून वाळवतात, देठ व शिरा काढतात आणि दगडी जात्यावर दळतात. आमच्या आजीच्या जात्यावर नागलीचं पीठ भराभर पडतं. पण माचाच्या जात्यातून तासाभरात फक्त ४० ग्रॅमच्या आसपास भुकटी निघते! ती वाडग्यात घेऊन गरम पाणी ओततात आणि बांबूच्या लहान रवीने घुसळतात. फेस आला की चहा तयार. चोथा उरतच नाही, पान सगळं पोटात जातं.

सेन नो रिक्यू (१५२२ ते १५९१) हे चहाचे मोठे गुरू होते. त्यांच्या चहाच्या खोलीचं दार इतकं छोटं असे की सगळ्यांना वाकून आत जावं लागे. सरदारसुद्धा तलवार बाहेर ठेवून वाकत. घट्ट माचा केला की सर्व पाहुणे एकाच वाडग्यातून पाळीपाळीने पितात.

हे ऐकून मला आमच्या घरचे कप आठवले. आमच्याकडे कांदे काढायला बाया येतात. त्यांचे कप वेगळे, दांडी तुटलेले, गोठ्याच्या देवळीत ठेवलेले असतात. मी आईला विचारलं, "त्यांचे कप वेगळे का गं?" आई म्हणाली, "पहिल्यापासून तसंच आहे." मी जपानचं सांगितलं. आजी म्हणाली, "जपानचं जपानला."

रविवारी मी घरातल्या चांगल्या कपात चहा नेला. आजीने पाहिलं, पण काही बोलली नाही. मग कप धुऊन त्यातच मी प्यालो. चहा रोजच्यासारखाच गोड लागला.

मित्रांनो, चहा एकाच पातेल्यातला, तर कप वेगळे का? तुमच्या घरीही विचारून पाहा.

इयत्ता चौथी, ता. कळवण, जि. नाशिक